स्वल्पविराम कुणाचा? इंग्रजी व्याकरण तपासनीस आणि नाशिकच्या एका वर्गातील प्रकरण

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प करावा लागतो आणि त्याचा अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. त्यातल्या एका गटाने निफाड तालुक्यातील एका गावी जाऊन उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीची माहिती गोळा केली. अहवाल तपासताना मार्गदर्शक शिक्षकांना निष्कर्षाच्या भागात एक विचित्र वाक्य आढळले. त्या वाक्याप्रमाणे गावातल्या सर्वच शेतकऱ्यांकडे कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवण्याची हवेशीर शेड, होती आणि सर्वांनी दिवाळीपर्यंत माल थांबवून धरला होता. दोन पाने मागे असलेला तक्ता मात्र नेमके उलटे सांगत होता. चाळ असलेले थोडेच होते आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत, काढणी होताच, मिळेल त्या भावाने कांदा बाजार समितीत नेला होता. निष्कर्ष आणि तक्ता यांचा मेळ बसेना, तेव्हा शिक्षकांना पहिली शंका आली ती अशी की अहवालातला मजकूर कुठून तरी उचललेला असावा.

चौकशीत जे निघाले ते वेगळेच होते. गटातील ज्या मुलीने निष्कर्ष लिहिला होता, तिने वहीत पेनाने केलेला कच्चा मसुदा आणून दाखवला. त्यातले वाक्य, देवनागरीत लिहायचे तर, 'द फार्मर्स विच हॅड चाळ वेटेड टिल दिवाळी' असे होते. माणसांसाठी 'विच' ही चूक सोडली तर वाक्याचा अर्थ अचूक होता. हा मसुदा तिने मोबाइलवर टंकून एका लोकप्रिय मोफत व्याकरण तपासनीसातून, म्हणजे इंग्रजी लेखनातील चुका दाखवून दुरुस्ती सुचवणाऱ्या संगणकीय साधनातून, काढला. तपासनीसाने 'विच'च्या जागी 'हू' सुचवले, जे योग्यच होते. त्याच वाक्यात त्याने 'फार्मर्स'नंतर एक आणि 'चाळ'नंतर एक असे दोन स्वल्पविरामही सुचवले, आणि 'चाळ' हा शब्द चुकीचा ठरवून त्याऐवजी 'शॉल' घ्यावा असे सांगितले. मुलीने पहिल्या दोन सूचना स्वीकारल्या, तिसरी फेटाळली. स्वल्पविरामांनी वाक्याचा अर्थ 'चाळ असलेले शेतकरी' यावरून 'शेतकरी, आणि त्या सर्वांकडे चाळ होती' असा पालटला, आणि अहवालाचा मुख्य निष्कर्षच उलटा झाला.

या प्रकरणाचे सार त्या तीन सूचनांत आहे. 'शॉल' ही सूचना तिने हसत हसत फेटाळली, कारण कांदा चाळ तिने लहानपणापासून पाहिलेली आहे आणि तिथे शालीचे काय काम, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. स्वल्पविरामाच्या बाबतीत तिच्याकडे असा आधार नव्हता. यंत्र जिथे चुकले आहे तिथे त्याला 'नाही' म्हणण्यासाठी जेवढे ज्ञान लागते, तेवढेच ज्ञान तिला त्या ठिकाणी कमी पडले. प्रस्तुत लेखक त्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. वाणिज्य विभागाच्या विनंतीवरून या वर्गाशी आणि नंतर दुसऱ्या तुकडीशीही जी चर्चा झाली तिच्या नोंदी पुढे दिल्या आहेत. विद्यार्थ्यांनी आपली मते मराठीत लिहावीत किंवा बोलावीत अशी मोकळीक दिली होती, कारण इंग्रजीबद्दलचे मत इंग्रजीतच मागितले तर ते देण्यासाठीही पुन्हा तोच तपासनीस उघडला जातो. विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

मराठी मुलाला हा स्वल्पविराम का दिसत नाही

मराठीत आपण 'ज्या शेतकऱ्यांकडे चाळ होती ते थांबले' असे म्हणतो. 'ज्या' आणि 'ते' ही जोडी कोणते शेतकरी हे आधीच ठरवून टाकते, त्यामुळे विरामचिन्ह चुकले, गळले किंवा जादा पडले तरी अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजी लेखनात हे सगळे ओझे दोन स्वल्पविरामांवर येते. त्यामुळे मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याला स्वल्पविराम ही शोभेची वस्तू वाटते, आणि तो कुणी घालून दिला तर नको म्हणण्याचे कारण दिसत नाही.

असे आणखीही काही कप्पे आहेत. मराठीत उपपद नाही, म्हणून 'अ', 'ॲन', 'द' कुठे घालायचे आणि कुठे नाही हे मुले अंदाजाने ठरवतात. 'मी त्याला विचारले' यातल्या 'ला'मुळे 'आस्क्ड टू हिम' येते. 'तो कुठे आहे हे मला माहीत नाही' याचे इंग्रजी करताना प्रश्नातला शब्दक्रम तसाच राहतो. 'मी काल आलो आहे' हे आपल्याकडे सहज चालते, म्हणून 'आय हॅव कम यस्टरडे' लिहिताना काही खटकत नाही. दोन भाषांच्या मधल्या या टप्प्याला, जिथे शिकणाऱ्याची स्वतःची एक नियमबद्ध भाषा तयार झालेली असते, लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने 1972 मध्ये 'इंटरलँग्वेज' असे नाव दिले. नियमबद्ध हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या चुका आळसातून आलेल्या नसतात, त्यांच्यामागे एक सुसंगत तर्क असतो, आणि म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी होतात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज महाविद्यालयात बसलेल्या मुलांनी बारा-तेरा वर्षे इंग्रजी विषय घेतलेला आहे. पण त्यातल्या बहुतेकांनी स्वतःचे म्हणणे स्वतःच्या वाक्यात इंग्रजीत मांडण्याची वेळ प्रथम आली ती याच अहवालाच्या निमित्ताने. त्याआधीचे निबंध गाइडमधून पाठ केलेले होते. हे विद्यार्थी स्वतःच सांगतात, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही.

'मशीन हसत नाही'

चर्चेत सर्वांत ठाम पाठिंबा आला तो सुरगाणा तालुक्यातील आश्रमशाळेतून शिकून आलेल्या एका विद्यार्थ्याकडून. त्याचे म्हणणे जवळपास त्याच्याच शब्दांत असे होते: "सर, वर्गात चुकीचं बोललो की मागच्या बाकावरून हसू येतं. वहीत चुकलं की तुम्ही लाल पेनानं गोल करता, आणि वही परत देताना ती शेजारच्याला दिसते. मशीन हसत नाही. मी रात्री रूमवर एकच वाक्य दहा वेळा बदलून बघतो, कुणाला कळत नाही." शिक्षकांच्या मनात तपासनीसाबद्दल जी अढी असते तिला या एका मुद्द्यावर उत्तर देणे अवघड आहे. चूक करण्यासाठी जी खासगी जागा लागते ती साठ-सत्तर मुलांच्या वर्गात आम्ही कधी उपलब्ध करून दिली नव्हती. ती त्याला यंत्राने दिली.

पण त्याच विद्यार्थ्याला पुढे विचारले की तपासनीसाची सूचना तू कधी नाकारतोस, तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नाकारायची कशाला? त्याला इंग्रजी येतं, मला येत नाही." वर्गातले इतरही अनेक जण या वाक्यावर मान डोलवत होते. लाल रेघ उठली की ती घालवायची, रेघा संपल्या की लेखन संपले, हा त्यांचा सरळ हिशेब. सूचना पटली का, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या पद्धतीत कुठेच येत नव्हता.

याच्या दुसऱ्या टोकाला कॉलेज रोडवरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेली विद्यार्थिनी होती. तिच्या दृष्टीने तपासनीस म्हणजे शेवटचा हात फिरवण्याचे साधन. घाईत सुटलेले अक्षर, दोनदा पडलेला शब्द, एवढ्यासाठीच ती ते वापरते. तिची तक्रार वेगळी होती. प्रत्येक कर्मणी वाक्यावर ते हरकत घेते, 'लेबर' आणि 'कलर' यांची ब्रिटिश वर्णलेखने चूक ठरवते आणि सरळ वाक्याला 'अधिक आत्मविश्वासाने लिहा' असा सल्ला देते. ती यातले निम्मेशिम्मे वाचतही नाही. वर्णलेखनाची तक्रार रास्त असली तरी तिचे कारण साधे होते. साधनाच्या मांडणीत भाषेचा प्रकार अमेरिकन असा राहून गेला होता, आणि तो बदलता येतो हे वर्गातल्या फार थोड्यांना माहीत होते. कर्मणी प्रयोगाची हरकत मात्र खरोखरच तपासण्यासारखी आहे. 'कांद्याची प्रतवारी लिलावाआधी केली गेली' या वाक्यात प्रतवारी कुणी केली हे अहवालाच्या दृष्टीने गौण असते, आणि तिथे कर्ता ओढून आणला तर वाक्य लांबते, कधी खोटेही ठरते. तिला हे ठाऊक होते, म्हणून ती सूचना सोडून देऊ शकली.

लेखकाचे निरीक्षण असे की तपासनीसाचा खरा लाभ या दुसऱ्या विद्यार्थिनीला होतो आणि त्याच्यावर खरी श्रद्धा त्या पहिल्या विद्यार्थ्याची असते. गरज जिथे सर्वांत मोठी, तिथेच फसण्याची शक्यताही सर्वांत मोठी.

जुने नाशिकमधील उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थिनीने या मधला पूल नेमका कुठे तुटतो ते दाखवले. तपासनीस नुसती दुरुस्ती करत नाही, कारणही देतो, असे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. तिचा प्रश्न होता की ते कारण वाचायचे कसे? 'या नामापूर्वी डिटर्मिनर नाही' असे इंग्रजीत लिहून येते, आणि डिटर्मिनर म्हणजे काय (नामाआधी येणारा 'अ', 'द' यांसारखा शब्द) हे तिला ना उर्दूतून कुणी सांगितले, ना मराठीतून. तिने ते कारण भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून पाहिले. जे वाक्य हाती आले त्याचाही तिला उलगडा झाला नाही. मग तिने बटण दाबले आणि पुढे गेली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला ही सगळी चर्चाच थोडी पुस्तकी वाटली. कंपनीत तो रोज दोन-चार ईमेल इंग्रजीत पाठवतो, तपासनीसातून काढून पाठवतो, साहेबांना त्यात काही गैर वाटत नाही. "तिथे चालतं, मग इथेच का पाप?" हा त्याचा सवाल होता. याला सर्वांत नेमके उत्तर शिक्षकांनी दिले नाही, राज्यसेवेची तयारी करणाऱ्या त्याच्याच वर्गमित्राने दिले. आपल्या सत्र परीक्षा पेनाने लिहायच्या असतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक आहे आणि तिथे इंग्रजीचा पेपर हाताने लिहावा लागतो. तिथे कुठली रेघ उठणार नाही. म्हणून तो मुद्दाम तपासनीस बंद ठेवून लिहितो आणि लिहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, एकदाच चालू करून पाहतो. किती सुटले ते त्याला त्यातून कळते. कोणत्याही शिक्षकाने न शिकवता त्याने शोधलेली ही पद्धत आमच्या विभागातील बऱ्याच उपायांपेक्षा शहाणपणाची वाटली, असे मोकळेपणाने नोंदवायला हवे.

यंत्र नेमके काय करते

विद्यार्थ्यांच्या मनात तपासनीस म्हणजे एक अदृश्य इंग्रज मास्तर आहे, असे चर्चेत वारंवार जाणवले. म्हणून पुढच्या तासाला या साधनांचा थोडा इतिहास सांगितला. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या 97 या आवृत्तीत व्याकरणाच्या शंकेखाली हिरवी नागमोडी रेघ येऊ लागली, तेव्हा तिच्यामागे माणसांनी लिहून ठेवलेले नियम होते. 2003 मध्ये सुरू झालेले लँग्वेजटूल हे मुक्त स्रोत साधनही अशाच नियमांवर उभे राहिले. ग्रामरली 2009 मध्ये युक्रेनमध्ये सुरू झाले. आजची साधने प्रामुख्याने चुकीची वाक्ये आणि त्यांची दुरुस्त रूपे यांच्या प्रचंड साठ्यावरून शिकलेली असतात. अशा ठिकाणी अशा शब्दांनंतर बहुधा काय येते, याचा ती अंदाज बांधतात. निफाडच्या त्या गावात किती चाळी आहेत हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नाही, आणि दोन पाने मागचा तक्ता त्या वाक्याशी ताडून पाहणे हे व्याकरण तपासनीसाचे कामही नव्हे. 'हू'च्या पुढचे उपवाक्य मर्यादा घालणारे आहे की जादा माहिती देणारे, हे अनेकदा फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

या क्षेत्रातल्या संशोधकांना याची जाणीव पूर्वीपासून आहे. व्याकरण दुरुस्तीच्या प्रणालींची तुलना करण्यासाठी 2014 मध्ये कोनेल या आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेल्या स्पर्धेत, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या निबंधांचा आधार घेतला होता. तिथे गुण देताना किती चुका पकडल्या यापेक्षा केलेल्या दुरुस्त्यांपैकी किती बरोबर होत्या याला दुप्पट वजन दिले गेले. म्हणजे एखादी चूक सुटली तर चालेल, पण बरोबर असलेले बिघडवू नये, हे तत्त्व साधन बनवणाऱ्यांनी स्वीकारलेले आहे. आमच्या वर्गाचा समज मात्र याच्या उलट होता.

शिक्षकांचे दोन पक्ष

वाणिज्य विभागातील मार्गदर्शकांचे मत पडले की पुढील वर्षापासून तपासनीसावर बंदी घालावी. त्यांचा मुद्दा वाङ्मयचौर्याच्या अंगाने जात होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांचा उल्लेखही झाला, पण ते विनियम मजकुरातील साम्य मोजतात आणि 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाहीत. 'विच'चे 'हू' केल्याने साम्य वाढत नाही. खरी अडचण पुढे आहे. हीच साधने आता संपूर्ण परिच्छेद नव्याने लिहून देण्याचे बटणही दाखवतात, आणि दुरुस्ती कुठे संपते व परक्याचे लेखन कुठे सुरू होते ही सीमा बोटाच्या एका स्पर्शाने ओलांडली जाते. यावर विद्यार्थ्यांचे मत अपेक्षेपेक्षा कडक निघाले. शब्द बदलला तर वाक्य आपले, वाक्य बदलले तर आपले नाही, असे बहुतेकांनी सांगितले. सर्वांचे आचरणही तसेच असेल असे मानण्याचे कारण नाही.

इंग्रजी विभागातील दुसरा पक्ष म्हणाला की बंदी अमलात आणता येणार नाही आणि आणू नये. मोबाइलचा कळफलकच शब्द सुचवतो, ईमेल वाक्य पूर्ण करते; यातले नेमके काय बंद करणार? शिवाय लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्यांनी तरी मुले सुधारतात का, हा प्रश्न जुना आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये व्याकरणाच्या दुरुस्त्या निष्फळच नव्हे तर अपायकारक असतात अशी टोकाची भूमिका घेतली आणि डॅना फेरिस यांनी तिला आव्हान दिले. तो वाद बराच काळ चालला. लेखकाला ट्रस्कॉट यांची भूमिका पटत नाही. पण लाल गोल मोजून वही मिटणारा विद्यार्थी आणि सूचना स्वीकारून मोबाइल मिटणारा विद्यार्थी यांच्यात शिकण्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही, एवढे त्या वादातून घेण्यासारखे आहे. दोघेही दुरुस्तीकडे पाहत नाहीत.

काय केले, आणि काय झाले

शेवटी ठरले ते असे. अहवालाबरोबर हाताने लिहिलेला कच्चा मसुदा जोडायचा. तपासनीस वापरला असल्यास त्याचे नाव आणि निवडलेला भाषेचा प्रकार लिहायचा. शिवाय एक पान असे द्यायचे की ज्यावर नाकारलेल्या तीन सूचना आणि नाकारण्याचे कारण असेल. कारण मराठी, हिंदी, उर्दू, कोणत्याही भाषेत चालेल. स्वीकारलेल्या सूचनांची यादी मुद्दाम मागितली नाही, कारण ती यंत्रच देते.

पहिल्या फेरीत या पानाने बरीच फजिती केली. काहींनी नाकारलेल्या सूचना म्हणून तीन वेळा गावांची नावेच लिहिली. लासलगावच्या जागी यंत्राने काय काय सुचवले याची मनोरंजक यादी जमली, पण व्याकरण त्यात काहीच नव्हते. काही पाने एकमेकांवरून उतरवलेली होती, हे कारणांच्या शब्दांवरूनच दिसत होते. काहींनी नाकारण्यासारखी सूचना सापडत नाही म्हणून बरोबर असलेली सूचना नाकारून पान भरले. हा प्रकार आम्हाला अपेक्षित नव्हता. त्यामुळे पुढच्या फेरीत व्यक्तिनामे, ग्रामनामे आणि पिकांची नावे वगळण्याची अट घातली, आणि 'नाकारावीशी वाटली पण कारण सांगता येत नाही' असाही एक रकाना ठेवला. सर्वांत उपयोगी माहिती याच रकान्यातून मिळाली. त्यात प्रामुख्याने उपपदे आणि स्वल्पविराम होते, आणि तासाला काय शिकवायचे हे त्यावरून ठरवता आले.

सुरगाण्याच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या फेरीत जे पान दिले त्यात एकच नोंद होती. त्याच्या गटाने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतीवर लिहिले होते. 'सम ओल्ड फार्मर्स स्टिल ग्रो नागली' या वाक्यातला 'सम' अनावश्यक म्हणून काढून टाकावा असे तपासनीसाने सुचवले होते. त्याने कारण लिहिले: "सगळे म्हातारे नागली करत नाहीत, काहीच करतात. सम काढला तर सगळे होतील." बाकीचे दोन रकाने कोरे होते आणि खाली त्याने 'सापडले नाही' असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी तीनऐवजी एकच नोंद म्हणून गुण कापले. इंग्रजी विभागाने ते पूर्ण द्यावेत असे सुचवले.

निफाडच्या गटाला अहवाल दुरुस्त करून देण्याची मुभा मिळाली. त्या मुलीने दोन्ही स्वल्पविराम काढले, 'हू' तसाच ठेवला आणि पुढे एक नवे वाक्य घातले की चाळ नसलेल्यांनी एप्रिल-मे महिन्यांतच माल विकला. तोंडी परीक्षेत तिला स्वल्पविरामाचा प्रश्न विचारला गेला, तेव्हा तिने फळ्यावर दोन्ही वाक्ये लिहून फरक मराठीत सांगितला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो इंग्रजीत सांगावा असा आग्रह धरला. तिने अडखळत सांगितला.

मोफत आणि सशुल्क आवृत्तीतला फरक हा प्रश्न तेवढा अजून मिटलेला नाही. ज्यांच्याकडे सशुल्क आवृत्ती आहे त्यांना अधिक सूचना आणि अधिक स्पष्टीकरणे दिसतात, आणि काही मुले वर्गणी काढून एकच खाते पाच जणांत वापरतात, जे त्या सेवांच्या अटींत बसत नाही. महाविद्यालयाने ग्रंथालयातील संगणकांवर एखादे मुक्त स्रोत साधन बसवावे असा प्रस्ताव विभागाने दिला आहे. नाकारलेल्या सूचनांच्या पानाला 10 पैकी किती गुण असावेत, यावर दोन्ही विभागांत एकमत झालेले नाही. तूर्त ते 2 आहेत.